दोघे किंवा तिघे जमले तरी



खालापूर आणि कर्जत तालुक्यांतील कातकरी व ठाकूर वाड्यांवर दारूचा प्रश्न नवा नाही. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते, घेतलेली उचल आधीच संपलेली असते आणि आठवड्याची खर्ची हातात पडली की ती गुत्त्यावर जाते. आपण प्रार्थना करतो, समजावतो, कधी रागावतोही. आजच्या पाठात आणखी एक काम शिकू या: दारू सोडू पाहणाऱ्याला, ती सोडलेल्या माणसाजवळ नेऊन बसवणे.

एका फोनची गोष्ट

मे १९३५. अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा शेअर दलाल हॉटेलात उभा होता. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती. हाती घेतलेले काम फसले होते आणि बाजूच्या बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. आता आपला तोल जाणार, हे त्याने ओळखले. त्याने तिथूनच एका पाळकांना फोन लावला. मला एखाद्या दारू पिणाऱ्याशी बोलायचे आहे, असे त्याने सांगितले. पाळकांनी काही नावे दिली आणि त्यातूनच पुढे त्याची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटेच बसणार होते. ते सहा तासांहून जास्त बसले. १० जून १९३५ हा डॉक्टरांच्या शेवटच्या घोटाचा दिवस, आणि तोच अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे एएचा, स्थापनादिवस मानला जातो.

बिलने उपदेश केला नाही, आपली कहाणी सांगितली. पाळकांनी फक्त वाट दाखवली. आपल्या वाट्याचे काम पाळकांचे आहे.

मीटिंगमध्ये काय होते?

साधारण तास-दीड तास. एकेक जण पहिले नाव सांगतो आणि आपले अनुभव मांडतो. मध्ये कोणी टोकत नाही. पहिल्या दिवशी नुसते ऐकले तरी चालते. फी नसते. खर्चासाठी डबा फिरतो, पण नव्या माणसाने काही टाकलेच पाहिजे असे नाही. दारू सोडण्याची इच्छा ही एकच अट. देवाचे नाव येते, पण कोणत्याही धर्माची सक्ती नसते. जे ऐकले ते बाहेर बोलायचे नाही. शपथ आयुष्यभराची नसते; फक्त आजचा दिवस प्यायची नाही, एवढेच. घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाच्या वेगळ्या मीटिंग असतात.

आधी डॉक्टर

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर पहिल्या काही दिवसांत हात थरथरणे, आकडी येणे, भास होणे असे घडू शकते. यात जीवही जातो. म्हणून आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. आकडी आली किंवा भास होऊ लागले तर १०८ ला फोन करा. मीटिंग औषधाच्या जागी नाही, औषधानंतरच्या आयुष्यासाठी आहे.

मीटिंग शोधावी कशी?

नशामुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबई व पुणे भागात मराठीतून मीटिंग होतात; एएच्या भारतातील संकेतस्थळावर मीटिंगची माहिती मिळते. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करते आणि तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच इतरांना हात देतात. निघण्याआधी फोन करून वार, वेळ आणि जागा पक्की करा.

मग वाडीवरून जाण्याचा विचार करा. संध्याकाळची मीटिंग सुटल्यावर परतीची गाडी मिळेल का? मजुरी बुडेल का? शहरातल्या माणसांत तो बुजेल का? गाडीभाडे, सोबत आणि मुक्कामाची सोय आपण करू शकतो. पहिल्या तीन-चार वेळा बरोबर जा. मीटिंग खुली नसेल तर बाहेर थांबा. परत येताना काय बोललास, असे विचारू नका.

२०२० मध्ये कोक्रेन संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसांची माहिती तपासली. एए आणि माणसाला पद्धतशीरपणे एएपर्यंत पोहोचवणारे उपचार, दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत इतर उपचारांच्या तोडीचे आणि पुष्कळदा सरस ठरले. नुसता पत्ता देऊन थांबू नका. दारापर्यंत सोबत करा.

मध्येच पाय घसरला तर? सभेत तोंड दाखवायला तो लाजेल. तेव्हाच त्याच्या झोपडीपाशी जा आणि पुढच्या मीटिंगचा वार सांगा.

दोघे पुरेत

एएच्या परंपरेप्रमाणे दारूमुक्त राहण्यासाठी दोघे-तिघे जमले तरी त्यांचा गट होऊ शकतो. हे शब्द आपल्या मंडळीला ओळखीचे आहेत. वाडीवर एक जण सावरला आणि दुसरा त्याच्याजवळ येऊन बसला, तर शहराची वाट लांब राहणार नाही. त्यांना लागेल एक खोली, एक दिवा आणि आठवड्यातली एक संध्याकाळ. खोलीची किल्ली आपल्याकडे आहे.

मनन व चर्चेसाठी

१. आपल्या ओळखीत दारू सोडून वर्ष झालेला कोणी आहे का? तो दुसऱ्याशी बोलायला तयार होईल का?

२. सर्वांत जवळच्या मीटिंगला जाऊन रात्री परत येण्यास किती भाडे आणि किती वेळ लागतो? या महिन्यात कोणी जाऊन पाहील?

३. आपण समजावतो जास्त की ऐकतो जास्त?