हाऊ मेनी की हाऊ मच? इंग्रजीतलं ‘किती’

ताईंनो, मागणी फोनवर येवो की प्रदर्शनातल्या स्टॉलवर, पहिला प्रश्न असतो ‘किती?’ मराठीत किती पापड, किती तेल, किती पैसे, सगळ्याला एकच शब्द. इंग्रजीत मात्र दोन ‘किती’ आहेत. गिऱ्हाईक कुठला म्हणालं ते कळलं नाही, तर त्याने नग विचारलेले असतात आणि आपण भाव सांगून मोकळ्या होतो.

नियम सोपा आहे.

एक-दोन-तीन असं मोजता येतं, त्याला मेनी: हाऊ मेनी पापड्स? हाऊ मेनी पॅकेट्स?

मापावं किंवा तोलावं लागतं, त्याला मच: हाऊ मच ऑइल? हाऊ मच शुगर?

नुसतं ‘हाऊ मच?’ म्हटलं, तर बहुतेक वेळा भाव विचारलेला असतो.

हे आपल्याला अगदीच नवीन नाही. आपण ‘पाच पापड द्या’ म्हणतो, पण ‘पाच तेल द्या’ म्हणत नाही; ‘पाच लिटर तेल’ म्हणतो. इंग्रजीतही माप आलं की मोजणी सुरू होते: हाऊ मेनी लिटर्स? हाऊ मेनी किलोज? म्हणून मागणी लिहून घेताना माप विचाराच.

दोन ठिकाणी फसायला होतं. तांदळाचे दाणे दिसतात, तरी इंग्रजीत म्हणायचं हाऊ मच राइस. पैसे आपण मोजतो, तरी मनीला मच. रुपीजला मात्र मेनी.

आता ‘थोडं’. मोजायच्या वस्तूला फ्यू, मापायच्या वस्तूला लिटल. पण आधीचा ‘अ’ विसरू नका. ‘वुई हॅव अ फ्यू जार्स’ म्हणजे थोड्या बरण्या आहेत, मिळतील. ‘वुई हॅव फ्यू जार्स’ म्हणजे फारशा नाहीत. ‘अ लिटल हनी’ म्हणजे थोडा मध आहे. ‘लिटल हनी’ म्हणजे जवळजवळ नाहीच. एवढासा ‘अ’ गाळला, तर हातातली मागणी जाऊ शकते.

‘भरपूर’साठी अ लॉट ऑफ दोन्हीकडे चालतं. अडलं की तेच वापरा.

पुढच्या बैठकीत एकीने गिऱ्हाईक व्हा, दुसरीने दुकानदार. आधी हे सोडवा, मेनी की मच?
१) बास्केट्स २) मिल्क ३) कँडल्स ४) सॉल्ट ५) पॅकेट्स ऑफ सॉल्ट

उत्तरं: १, ३, ५ मेनी, २, ४ मच.