रंग बदलला म्हणून गिऱ्हाईक परत येते का?



मागे संगणक कक्षात नववीच्या एका मुलाने मला विचारले, "सर, हा शेपटीवाल्या कोल्ह्याचा ब्राउझर अजून का ठेवलाय? आमच्या घरी तो कोणीच वापरत नाही." प्रश्न साधा होता, पण उत्तर देता देता तास संपला. राहिलेले उत्तर येथे लिहीत आहे.

ब्राउझर म्हणजे ज्या प्रोग्रॅममधून आपण इंटरनेटची पाने पाहतो तो. मराठीत काही जण त्यास 'न्याहाळक' म्हणतात. पुष्कळ पालक "गूगल उघड" म्हणतात, ते बरोबर नव्हे. गूगल ही शोध घेण्याची जागा आहे, ब्राउझर हे तेथे जाण्याचे दार. प्रत्येक ब्राउझरच्या आत एक इंजिन असते. दूरचा संगणक आपल्याकडे मजकूर आणि काही सूचना पाठवतो. त्या वाचून पान पडद्यावर मांडण्याचे काम हे इंजिन करते. बटणे, रंग, पट्ट्या हे बाहेरचे रूप. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९९४ साली नेटस्केप आला आणि काही वर्षे तोच राजा होता. मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबत इंटरनेट एक्स्प्लोरर फुकट द्यायला सुरुवात केली आणि नेटस्केपचे गिऱ्हाईक तुटले. १९९८ मध्ये नेटस्केपने आपला प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. त्यातूनच मोझिला हा प्रकल्प उभा राहिला आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती निघाली. तेव्हा जगातील शंभरापैकी नव्वद लोक एक्स्प्लोरर वापरीत होते. २००१ च्या सहाव्या आवृत्तीनंतर मायक्रोसॉफ्टने पाच वर्षे नवी आवृत्तीच काढली नाही. समोर कोणी नाही म्हटल्यावर दुकानदार सुस्तावतो, तसे झाले. फायरफॉक्सने एकाच खिडकीत अनेक पाने उघडण्याची सोय दिली, मध्येच उसळणाऱ्या जाहिराती अडवल्या. जून २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा एका दिवसात ऐंशी लाखांहून अधिक लोकांनी ती उतरवून घेतली. हा गिनीज विक्रम ठरला. पुढे शंभरात तिसाच्या आसपास लोक फायरफॉक्सवर होते.

आपल्या गोव्यात २००२ नंतर सायबरएज योजनेतून उच्च माध्यमिकच्या मुलांच्या घरी संगणक पोहोचले. त्या काळची एक गोष्ट आजच्या मुलांना ठाऊक नसेल. मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खास फाँटवर चालत. तो फाँट पानासोबत पाठवण्याची युक्ती फक्त एक्स्प्लोररला कळत असे. फायरफॉक्समध्ये तेच पान उघडले की रोमन अक्षरांचा नुसता कचरा दिसे. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवणारी 'पद्मा' नावाची जोडणी फायरफॉक्ससाठी निघाली होती, पण ती किती जणांना माहीत असणार? युनिकोडची पानेसुद्धा विंडोज एक्सपीवर एक खास सोय चालू केल्याशिवाय फायरफॉक्समध्ये नीट दिसत नसत. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक मला उशिरा उमगला. आपल्या गोव्यात दोन्ही आहेत! तो फरक पडद्यावर नीट उमटतो की नाही, हे मी आजही प्रत्येक नव्या संगणकावर तपासतो.

म्हणजे मराठी वाचक एक्स्प्लोररला चिकटून राहिला तो त्याच्या रूपावर भाळून नव्हे, दुसरीकडे वाचताच येत नव्हते म्हणून. वर्तमानपत्रे युनिकोडवर आली आणि ही अडचण सरली. फायरफॉक्सही मराठीत मिळू लागला. त्याचे मराठीकरण करण्यात स्वयंसेवकांचा मोठा वाटा आहे.

मग सप्टेंबर २००८ मध्ये गूगलचा क्रोम आला. तो वेगवान होता, आणि पुढे अँड्रॉइड फोनमध्ये आधीच बसवलेला मिळू लागला. फायरफॉक्सने हातपाय मारले नाहीत असे नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'क्वांटम' नावाने इंजिनाचे मोठे भाग बदलले, रूपही बदलले. वेग खरोखर वाढला, मी स्वतः अनुभवला. जून २०२१ मध्ये 'प्रोटॉन' हे नवे रूप आले, त्यावर जुन्या वापरणाऱ्यांनीच नाके मुरडली. २०२५ मध्ये उभे टॅब आणि टॅबचे गट आले. तरी आज फोन आणि संगणक मिळून शंभरात दोन-तीन जणच त्याच्याकडे उरले आहेत. मायक्रोसॉफ्टचेही तेच. २०१५ मध्ये 'एज' नव्या रूपात आणला, चालला नाही, शेवटी २०२० मध्ये क्रोमचेच इंजिन आत बसवले.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेडणे आणि डिचोलीच्या बायका भाजी घेऊन बसतात. ज्यांची जागा बाजाराच्या तोंडाशी, त्यांची टोपली आधी रिकामी होते. आतल्या कोपऱ्यात बसणारीने टोपलीला कितीही सुंदर रंग दिला तरी गिऱ्हाईक तिथवर पोहोचायला तर हवे!

युरोपात मार्च २०२४ पासून नव्या कायद्यामुळे आयफोनवर "कोणता ब्राउझर हवा?" असा प्रश्न विचारणे बंधनकारक झाले. त्यानंतर जर्मनी आणि फ्रान्समध्ये आयफोनवर फायरफॉक्स वापरणारे वाढले, असे मोझिलाने सांगितले. रंग बदलला नव्हता, फक्त विचारले गेले. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड फोनवरील सक्तीबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड ठोठावला, आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो दंड कायम ठेवला. तरी आपल्या बहुतेक फोनवर पहिले दार क्रोमचेच आहे. त्यात आणखी गंमत अशी की मोझिलाचे बहुतांश उत्पन्न गूगलकडूनच येते, फायरफॉक्समधला पहिला शोध गूगलकडे नेण्याबद्दल.

"मग फायरफॉक्स गेला तर आपले काय जाते?" असे त्या मुलाने पुढे विचारले. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचा अर्ज भरताना त्या संकेतस्थळावर 'फक्त एक्स्प्लोररमध्येच उघडा' अशी पाटी होती. आमच्या कक्षातील संगणकावर तो नव्हता. शेवटची तारीख होती. तिचे वडील कामावरची रजा टाकून दुसरीकडे धावले. एकाच इंजिनाचे राज्य झाले की पाने त्याच्याच मापाने शिवली जातात. आज क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे सगळे आतून एकाच इंजिनाचे. फायरफॉक्सचे इंजिन वेगळे आहे, म्हणून तो कक्षात ठेवला आहे.

येत्या शनिवारी नववी-दहावीच्या मुलांनी मधल्या सुट्टीनंतर संगणक कक्षात यावे. एकच मराठी वर्तमानपत्र दोन ब्राउझरमध्ये उघडायचे आणि जोडाक्षरे, वेग, जाहिराती यांत दिसलेला फरक वहीत लिहायचा. 'दऱ्या' आणि 'दर्या' दोन्ही शब्द शोधून पाहायचे. पालक आले तर आनंदच, फोन मात्र सोबत आणावा. त्यातला पहिला ब्राउझर कोणी निवडला, हे आपण तेथेच विचारू.