आजी-आजोबांची हाडे आणि 'ड' जीवनसत्त्वाची पुडी



मोरीत पाय घसरून आजी पडतात. खुब्याचे हाड मोडते, ऑपरेशन होते. घर कर्जात जाते आणि आजी अंथरुणाला खिळतात. वस्तीत ही गोष्ट नवी नाही. म्हणून आज हाडांविषयी आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या 'ड' जीवनसत्त्वाच्या पुडीविषयी बोलू.

'ड' जीवनसत्त्व काय करते?

हाड कॅल्शियमने घट्ट होते. आपण नाचणी खाल्ली, दूध प्यायलो, तरी त्यातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला 'ड' जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की हाडे मऊ होतात, मांड्या-कंबर दुखते, जमिनीवरून उठताना आधार लागतो. हाडे ठिसूळ होणे हा मात्र वेगळा आजार आहे. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये तो वेगाने वाढतो. त्याला नुसती पुडी पुरत नाही, वेगळी औषधे लागतात.

पुण्यात एवढे ऊन, मग कमतरता का?

हे जीवनसत्त्व मुख्यतः उन्हामुळे आपल्या कातडीत तयार होते. पण कर्वेनगरसारख्या भागातल्या वस्त्यांत बोळ अरुंद आणि घरे एकमेकांना चिकटलेली. आपल्या कितीतरी बाया दिवसभर सोसायट्यांमध्ये घरकाम करतात, म्हणजे ऐन उन्हाच्या वेळी छपराखालीच असतात. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामाचे नाही. सावळ्या कातडीला जास्त वेळ ऊन लागते, आणि सत्तरीत कातडीची ही ताकद तरुणपणाच्या निम्म्याहूनही कमी राहते. पुण्यातल्या जहांगीर रुग्णालयाच्या संशोधकांनी झोपडपट्टीतल्या लहान मुलांचा अभ्यास केला, तेव्हा ऊन न मिळण्याचा आणि मुडदूसाचा संबंध दिसला होता. नातवाला जे लागू, तेच आजीलाही.

कोणते ऊन?

सकाळचे कोवळे ऊन बरे वाटते, पण त्यात हे जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही. सोपी खूण सांगतो: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली की ते ऊन उपयोगाचे. मे महिन्यात ही वेळ साडेनऊ-दहालाच येते, तेव्हा दुपारच्या कडक उन्हात जायची गरज नाही. डिसेंबरात मात्र दुपारी बाराच्या पुढे बसावे लागते. हात, पाय, चेहरा उघडे ठेवून वीस-तीस मिनिटे पुरे. विहाराच्या अंगणात चार जणींनी मिळून बसले तर गप्पाही होतात.

पुडी कोणाला, किती?

साठीनंतर रोज साधारण 800 युनिट 'ड' जीवनसत्त्व लागते. पुडीत 60,000 युनिट असतात. कमतरता असेल तर डॉक्टर बहुधा आठवड्याला एक पुडी, आठ आठवडे देतात आणि मग प्रमाण कमी करतात. हीच पुडी कोणी रोज घेतली तर ती रोजच्या गरजेच्या 75 पट होते! मग रक्तात कॅल्शियम वाढते. उलट्या, बद्धकोष्ठ, फार तहान, भ्रमिष्टपणा सुरू होतो, किडनीही बिघडते. "ताकदीची पुडी आहे, घ्या रोज" असे कोणी म्हटले तर ऐकू नका.

जास्त म्हणजे चांगले, असे नाही. 1992 मध्ये फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतील 3,270 आजींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज 800 युनिट आणि कॅल्शियम दिल्यावर दीड वर्षात खुब्याची मोड बरीच कमी झाली. 2010 मध्ये ऑस्ट्रेलियातला अभ्यास आला. तिथे सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच 5 लाख युनिट दिले, तर पडणे आणि हाड मोडणे उलट वाढले. 2022 मध्ये अमेरिकेतल्या 25,871 लोकांच्या अभ्यासात, ज्यांना कमतरता आहे का हे न पाहताच रोज 2,000 युनिट दिले होते, त्यांची हाडे मोडण्याचे प्रमाण कमी झाले नाही. अर्थ सरळ आहे: ज्याला कमी आहे त्याला, थोडे थोडे आणि नियमित दिले तर फायदा.

ताटात काय हवे?

नाचणीची भाकरी किंवा आंबील, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, राजगिरा, दूध-दही, काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी. जोडीला डाळ-अंडी, कारण हाडाला आधार स्नायूंचा असतो. मिश्री आणि तंबाखू हाडांना पोखरतात. "तंबाखूतल्या चुन्यातून कॅल्शियम मिळते" हा गैरसमज सोडा.

घरात आजच करा

- मोरी रोज घासा, शेवाळ ठेवू नका. आंघोळीला आजींना स्टूल द्या.
- रात्री सार्वजनिक शौचालयात जाताना बॅटरी आणि सोबत हवी.
- झिजलेली चप्पल बदला. डोळे तपासून घ्या.
- रोज खुर्चीवरून दहा वेळा हळूहळू उठा-बसा.
- मुतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मगच पुडी घ्या.
- उंची कमी झाली, पाठीला बाक आला किंवा साध्या पडण्याने हाड मोडले, तर महापालिकेच्या दवाखान्यात किंवा ससूनला दाखवा.

ज्यांनी कष्ट करून आपल्याला शिकवले, त्यांचे उतारवय आपल्या पायांवर उभे असावे. आज घरी गेल्यावर औषधाच्या डब्यात पुडी आहे का बघा. असेल तर तिच्यावर घेण्याचा वार लिहून ठेवा.