जुनं दाढीचं मशीन: घ्या दोनशेला, घालवू नका हजार

आजोबांच्या पेटीत जड पितळी दाढीचं मशीन निघालं, किंवा जुन्या बाजारातल्या फडक्यावर एखादं डोळ्यात भरलं, की पहिलं काम एकच: त्यात नवं ब्लेड बसवून बघा. बाजारात जाताना एक ब्लेड सोबत न्या. ब्लेडची कड दोन्ही बाजूंनी सारखीच बाहेर येते का, ते डोळ्यासमोर आडवं धरून पाहा. एकीकडे जास्त, एकीकडे कमी असेल तर ठेवून द्या; वाकलेलं डोकं घरी सरळ होत नाही.

मग मूठ. तीन तुकड्यांच्या जुन्या मशीनची मूठ अनेकदा पोकळ असते आणि तिला केसाएवढी उभी चीर गेलेली असते. नख फिरवा, अडकेल. आटे झिजलेत का, तेही घट्ट पिळून बघा. मूठ पिळल्यावर दोन दारं उघडणारं मशीन असेल, तर दारं एकदम उघडायला हवीत. साबणाचं कीट साचून अडकत असतील तर काळजी नाही, कीट निघतं. हिरवा गंजही निघतो. खोल काळे खड्डे मात्र निघत नाहीत. अमेरिकन जिलेटच्या डोक्याखाली अक्षर आणि आकडा असेल तर अक्षर सालाचं, आकडा तिमाहीचा. ‘ए’ म्हणजे १९५५. विक्रेता ‘सौ साल पुराना’ म्हणाला, तर त्याला ते दाखवा.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईत चोर बाजार, मटण स्ट्रीट. शुक्रवारी दुकानं बंद, पण पहाटे रस्त्यावर माल मांडतात. ठरलेला भाव कुठेच नाही. मी साध्या मशीनला दोनशेच्या वर जात नाही, चालू स्थितीतलं दारांचं असेल तर पाचशे. निम्म्यापासून बोला. बिल मिळत नाही, परतही घेत नाहीत.

परदेशातून मागवत असाल तर दिसणारी किंमत अर्धीच समजा. तिच्यावर टपालखर्च, कस्टम ड्यूटी आणि कुरिअर कंपनीची स्वतःची क्लिअरन्स फी चढते. केवायसीसाठी आधार किंवा पॅन मागतात. ते वेळेवर दिलं नाही तर पार्सल अडकून बसतं. हजाराच्या मशीनसाठी एवढा व्याप मला तरी झेपत नाही.

साफसफाईचा खर्च शंभराच्या आसपास. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड, वीस मिनिटं भिजवणं, जुना टूथब्रश. पाणी उकळतं नको, प्लास्टिक किंवा बेकलाइटची मूठ असेल तर मुळीच नको. पांढरा क्षार उरला तर व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम्मे, फक्त पाच मिनिटं. मी एकदा ‘राहू दे रात्रभर’ म्हणून झोपलो. सकाळी वाटीत पाणी निळसर-हिरवं आणि मशीनवरचं निकेल जागोजागी उडालेलं. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर, यांच्या वाटेलाही जाऊ नका. सोनेरी मुलामा तर इतका पातळ असतो की दोनदा घासला की संपला. शेवटी सर्जिकल स्पिरिटने पुसा आणि फिरत्या भागांत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा.

नवा मुलामा द्यायचा मोह होईल. प्लेटिंगवाले घाऊक काम करतात, एका नगासाठी हात घालायला नाखूश असतात. मला एकाने सहाशे सांगितले, बफिंगचे वेगळे, वेळ तीन आठवडे. बफिंगमध्ये मुठीवरची जाळीदार खवलं गुळगुळीत होतात आणि ओल्या हातातून मशीन निसटतं. पैसे देऊन वस्तू बिघडवायची असेल तरच करा.

ब्रश मात्र नवाच घ्या. जुन्या केसांत काय दडलंय ते कळत नाही. शंभरच्या आतला प्लास्टिकच्या मुठीचा ब्रश चालतो, पण केस गळतात. दुकानातच तळहातावर दाबून फिरवा, हलकेच ओढा. चार-पाच केस हातात आले तर दुसरा मागा. डुकराच्या केसांचा ब्रश आधी पाच मिनिटं भिजवावा लागतो, सुरुवातीला वास मारतो, महिनाभराने मऊ होतो. सिंथेटिक भिजवावा लागत नाही आणि लवकर वाळतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात राहणाऱ्याने दुसरा विचारच करू नये. पाचशे-सातशेत चांगला मिळतो. ‘प्युअर बॅजर’ या शब्दांना ठरलेला दर्जा नाही, तेव्हा स्वस्त बॅजरला भुलू नका. स्टँड, वाटी, ब्रश असा ‘सेट’ घेताना स्टँडचे पैसे तुम्हीच देत असता. ब्रश झटकून खिडकीत उभा ठेवला तरी वाळतो. मुठीतून केसांचा गुच्छ निघून आला तर फेकू नका. दोन्ही भाग कोरडे करून एराल्डाइट लावा आणि एक दिवस हात लावू नका.

ब्लेडचं मोठं पाकीट एकदम घेऊ नका. तीन-चार कंपन्यांची पाच-पाचची पाकिटं आणून बघा, एकाचं गाल सोलतं तर दुसऱ्याचं चालतं. वापरलेली पाती कचऱ्यात सुटी टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात. पत्र्याच्या छोट्या डबीच्या झाकणाला फट पाडून त्यात साठवा. भरली की चिकटपट्टी गुंडाळा, वर ‘ब्लेड’ लिहा आणि वेगळी द्या.