आजोबांचे कष्ट मातीत जात नाहीत

आई-बाबांनो,

आपल्या वसईत एखादा राबणारा म्हातारा माणूस गेला, की मयताला जमलेल्यांतलं कुणीतरी हळहळतंच, "जन्मभर राबला बिचारा, सुख काही पाहिलं नाही." बोलणाऱ्याच्या मनात माया असते. पण पेटीशेजारी उभं असलेलं नऊ-दहा वर्षांचं नातवंडही ते ऐकत असतं. त्याला वाटतं, आजोबांचं आयुष्य फुकट गेलं. कष्ट करणं म्हणजे दुर्दैवच. घरी गेल्यावर त्या मुलाशी काय बोलायचं, ते आज आपण मिळून पाहू.

हे आजोबा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. पहाटेच्या अंधारात वाडीत जाऊन मोगरा नि सोनचाफा खुडणारे, लवकरच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात पोचणारे, परत आल्यावर केळींना पाणी लावणारे. त्यांच्या नखांतली माती नि तळहातावरचे घट्टे मुलांनी पाहिलेत. तेच हात संध्याकाळी रोझरीची माळ धरून बसलेलेही पाहिलेत.

आधी मुलांना खरं सांगा. "आजोबा झोपलेत" म्हटलं, तर लहान मूल रात्री डोळे मिटायला घाबरतं. "देवाला चांगली माणसं हवी असतात, म्हणून त्याने नेलं" म्हटलं, तर त्याला देवाचीच भीती वाटू लागते. उद्या तो आईलाही नेईल! "आजोबांचं शरीर थकलं होतं. ते वारले. आता ते घरी येणार नाहीत. आपण त्यांना देवाच्या हाती सोपवलंय." एवढं साधं बोलणं मुलाला पेलतं.

आणि त्याला रडू द्या. तुम्हीही त्याच्यासमोर रडा. विश्वास असलेल्याने रडू नये, असं शुभवर्तमान कुठेच सांगत नाही. लाजराला आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही त्याच्या कबरेकडे जाताना येशूला रडू आलं. थेस्सलनीकाच्या विश्वासणाऱ्यांना पौलाने शोक करायला बंदी केली नाही. ज्यांना आशाच उरलेली नाही, त्यांच्यासारखा शोक करू नका, एवढंच बजावलं.

मग आपली आशा कोणती? ती मुलांना सांगायची, तर संत योसेफापासून सुरुवात करा. शुभवर्तमानात त्याच्या तोंडचा एकही शब्द नाही. दिसतं ते त्याचं राबणं : सुतारकाम, रातोरात बाळाला नि त्याच्या आईला घेऊन मिसरची वाट धरणं, यरुशलेमेत चुकलेल्या मुलाला तीन दिवस शोधणं. येशू बारा वर्षांचा असतानाच्या त्या प्रसंगानंतर योसेफ आपल्याला दिसत नाही. येशू प्रचाराला निघण्याआधीच तो वारला असावा आणि त्या वेळी येशू नि मरिया त्याच्या उशाशी होते, असं ख्रिस्तसभा परंपरेने मानत आली आहे. म्हणून चांगल्या मरणासाठी आपण त्याची मध्यस्थी मागतो. कामगारांचा आश्रयदाताही तोच. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा कामगार संत योसेफाचा सण ठरवला.

यात मुलाला धीर देणारं फार मोठं काही आहे. येशूनेही आपल्या घरातला राबणारा माणूस गमावला. या मुलाला आज जे होतंय, ते त्याला ठाऊक आहे. आणि पुढे गावातल्या लोकांनी येशूला ओळखलं, ते सुतार म्हणूनच. योसेफ गेला, तरी त्याने शिकवलेलं काम मुलाच्या हातात होतं.

"सुटले बिचारे, विसावा मिळाला," असं आपण म्हणतो. ते खरं आहे, पण अर्धंच. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय पुनरुत्थानाचा आहे. तिथे पौल आपल्या वाडीतल्या माणसाला कळेल असं बोलतो : पेरलेला दाणा आणि त्यातून उगवून येणारं रोप. एवढं मोठं रहस्य उलगडल्यावर तो शेवट करतो, तो रोजच्या कामावर. प्रभूसाठी केलेले कष्ट वाया जात नाहीत, अशी हमी देऊन. ख्रिस्त उठला आहे, म्हणून लेकरांसाठी मायेने उपसलेलं एकही काम देवाच्या लेखी हरवत नाही. "सुख पाहिलं नाही" म्हणणाऱ्यांना आपलं उत्तर हेच.

हे मुलांना डोळ्यांनीही दिसू द्या. त्यांना देवळात पुढे बसवा. पेटीजवळ पेटवलेली पास्काची मेणबत्ती दाखवा. स्नानसंस्काराच्या वेळी बाळाची मेणबत्ती पास्काच्या ज्योतीवरूनच पेटवतात आणि पेटीवर शिंपडलेलं पवित्र पाणीही त्याच स्नानसंस्काराची आठवण देतं. आजोबांचा प्रवास ज्या प्रकाशात सुरू झाला, त्याच प्रकाशात आपण त्यांना निरोप देतो. मूल तयार असेल तर त्याला कबरेवर मूठभर माती टाकू द्या. तयार नसेल तर बळजबरी नको.

आजोबा देवमाणूस होते, असंच मात्र सांगत बसू नका. ते तापट असतील, कधी कुणाला टाकून बोलले असतील, कामापायी घरच्यांना वेळ देता आला नसेल. मुलाने हे सगळं पाहिलेलं असतं. मेलेल्यांसाठी आपण प्रार्थना करतो, ती याचसाठी. उणं राहिलं ते देवाच्या दयेने पूर्ण व्हावं म्हणून. आजोबांवर रागावलेलं नातवंडही ती प्रार्थना मनापासून म्हणू शकतं.

नंतरच्या दिवसांत मुलाला आजोबांचं एखादं काम द्या : कळ्या खुडणं, केळीचं पिल्लू लावणं, संध्याकाळी रोझरी सुरू करणं. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, कबर साफ करून फुलांनी सजवायचं काम त्याच्याकडे सोपवा.

आणि ज्यांच्या घरी आजोबा अजून हिंडते-फिरते आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलांना त्यांच्याबरोबर वाडीत पाठवा. अभ्यास एक तास उशिरा झाला तरी चालेल. हा वेल असाच का बांधायचा, ते त्यांच्या तोंडून ऐकू द्या. आणि तुम्ही स्वतः त्यांच्याजवळ बसून सांगा, "बाबा, तुम्ही राबलात म्हणून आम्ही उभे राहिलो." हे बोलायला मयताची वाट पाहू नका.