इंधन संपत आलंय, हे कोण सांगणार?

चि. मनूस,


तू टीम लीड झाल्याचं ताईकडून कळलं. हाताखाली नऊ माणसं, त्यातली सहा पुण्यात आणि तीन बंगळूरूला, आणि डिसेंबरात रिलीज. मनापासून अभिनंदन. ‘मावशी, काही टिप्स दे’ असा तुझा मेसेज आला. टिप्स हल्ली फुकट मिळतात आणि तेवढ्याच कामाच्या असतात. त्यापेक्षा दोन-चार खऱ्या हकिकती वाच. पहिली विमानाची आहे. तिचा तुझ्या रिलीजशी काय संबंध, ते पुढे येईल.

२८ डिसेंबर १९७८. युनायटेड एअरलाइन्सचं एक डीसी-८ विमान १८९ जणांना घेऊन अमेरिकेतल्या पोर्टलंडला उतरायच्या बेतात होतं. चाकं खाली सोडताना जोराचा धक्का बसला आणि उजव्या बाजूच्या चाकाचा हिरवा दिवा काही लागेना. कॅप्टन अनुभवी होता, जबाबदार होता. त्याने उतरणं लांबणीवर टाकलं आणि जवळजवळ तासभर विमान शहराभोवती फिरत राहिलं. चाकं खरंच अडकली असली तर काय, प्रवाशांना कसं बसवायचं, दारं कधी उघडायची, याचा त्याने बारकाईने विचार केला. इंधनाचा काटा मात्र खाली खाली येत होता. शेजारचा सहवैमानिक आणि मागचा फ्लाइट इंजिनिअर दोघांनाही तो दिसत होता. ते गप्प बसले असंही नाही. ते बोलले, पण साहेब विचारात आहेत, आपण मध्ये कशाला तोंड घाला, अशा बेताने, आडून, सुचवल्यासारखं. ‘आत्ता उतरलो नाही तर पडू’ एवढं एक वाक्य कुणी ठणकावून म्हटलं नाही. इंजिनं एकामागून एक बंद पडली आणि विमान धावपट्टीच्या सहाएक मैल अलीकडे कोसळलं. दहा माणसं गेली, त्यात तो फ्लाइट इंजिनिअरही होता.

चाकं मुळात नीटच खाली आलेली होती.

चौकशी अहवालाने कॅप्टनला दोष दिलाच. पण त्या दोघांना आपली चिंता कॅप्टनच्या गळी उतरवता आली नाही, हेही त्यात नोंदवलं. या अपघाताच्या आदल्या वर्षी टेनेरीफच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट एकमेकांवर आदळून ५८३ माणसं मेली होती. तिथेही समोरचं विमान अजून धावपट्टीवर असेल अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती आणि ज्येष्ठ कॅप्टनने ती झटकून टाकली होती. मग १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांसाठी वेगळंच प्रशिक्षण सुरू केलं. विमान चालवणं त्यांना येतच होतं. कनिष्ठाने स्पष्ट कसं बोलावं आणि कॅप्टनने ते कसं मागून घ्यावं, हे तिथे शिकवलं जाई. जुन्या कॅप्टन मंडळींनी आधी नाकं मुरडली, हे सांगायला नकोच.

त्याचं फळ दिसलं १९ जुलै १९८९ ला. कंपनी तीच. डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या डीसी-१० चं शेपटीतलं इंजिन हवेत फुटलं आणि सुकाणू हलवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा एकदम गेल्या. असं काही होईल हे कुणी गृहीतच धरलं नव्हतं, त्यामुळे पुस्तकात त्यावर उपाय नव्हता. कॅप्टन अल हेन्स यांनी काय केलं असेल? प्रवाशांत बसलेल्या डेनी फिच या प्रशिक्षक वैमानिकाने मदत देऊ केली, तर त्याला आत बोलावून घेतलं आणि थ्रॉटल त्याच्या हाती दिले. कॉकपिटमधल्या चौघांनी मिळून, एकमेकांना सुचवत, खोडून काढत, केवळ इंजिनांचा जोर कमी-जास्त करून ते विमान सू सिटीपर्यंत आणलं. उतरताना ते मोडलं, ११२ माणसं गेली. पण २९६ पैकी १८४ वाचली. नंतर सिम्युलेटरवर त्याच परिस्थितीत प्रयोग झाले, तेव्हा सुखरूप उतरणं कसलेल्या वैमानिकांनाही साधलं नाही. हेन्स पुढे आयुष्यभर श्रेय देत राहिले ते त्या प्रशिक्षणाला.

आता तुझ्या ऑफिसात ये. रिलीज लटकणार हे सगळ्यांत आधी कुणाला कळतं? तुला नाही. रात्री अकराला टेस्ट चालवणाऱ्या पोराला कळतं, किंवा बंगळूरूच्या त्या तिघांपैकी एकीला. आणि तू मीटिंगमध्ये विचारणार, ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे, बाई. ‘हो’ शिवाय दुसरं काय म्हणणार तो? त्यापेक्षा ‘कुठे अडेल असं वाटतंय?’ असं विचार. आणि विचारल्यावर जे उत्तर येईल त्यावर तुझा चेहरा कसा होतो, हे नऊच्या नऊ जण बघत असतात, कॅमेरा बंद ठेवलेलेसुद्धा. पहिल्या वाईट बातमीला तू कपाळाला आठ्या घातल्यास तर दुसरी बातमी तुझ्यापर्यंत येणार नाही. ती थेट क्लायंटकडे जाईल.

एमी एडमंडसन या संशोधिकेचा अनुभव इथे फार बोलका आहे. नव्वदच्या दशकात त्या इस्पितळांतल्या वॉर्डांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुका मोजत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी, असा त्यांचा अंदाज. आकडे आले ते उलटे: ज्या वॉर्डांत माणसांचं आपसात उत्तम जमत होतं, तिथेच चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला. तिथल्या नर्स चुका सांगत होत्या. बाकीच्या ठिकाणी झाकत होत्या. तेव्हा तुझ्या डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार दिसू लागलं की लगेच पेढे वाटू नकोस.

नुसता चेहरा हसरा ठेवून मात्र भागत नाही. व्यवस्थाही तशी लागते. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. दांड्या, भांडणं, मोडक्या गाड्या, सगळं होतं. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो पुन्हा उघडला तेव्हा बरेचसे कामगार तेच, युनियनही तीच. फरक असा, की प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी आली. काही बिघडलं तर ओढायची. ओढली की टीम लीडर धावत येणार, ‘काय झालं?’ विचारायला, ओरडायला नाही. गरज पडली तर पूर्ण लाइन थांबणार. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या कारखान्यांच्या जवळपास पोचला आणि दांड्या कमालीच्या घटल्या. जनरल मोटर्सला मात्र हाच धडा आपल्या इतर कारखान्यांत उतरवायला वर्षानुवर्षं लागली.

इतकं लांब जायला नको असेल तर चर्चगेटला जा. डबेवाल्यांच्या सिक्स सिग्माचं कौतुक तू ट्रेनिंगमध्ये ऐकलंच असशील. ते सोड, त्यांची बांधणी बघ. कोविडच्या आधी पाचेक हजार माणसं होती, पण काम चालायचं वीस-पंचवीस जणांच्या गटांत. प्रत्येक गटाला एक मुकादम. तो स्वतः डबे वाहून वर आलेला, सगळ्या लाइनी पायाखालच्या, आणि आजही वेळ पडली तर डबे उचलणारा. कमाई गटात वाटून घेतली जाते, त्यामुळे शेजाऱ्याचा डबा चुकला तर ‘मला काय त्याचं’ म्हणायची सोय नाही. गटात दोन-चार माणसं जादा असतात, कुणी आजारी पडलं, गावाला गेलं तर त्याची लाइन धरायला. तुझ्या मॅनेजरला ही जादा माणसं उधळपट्टी वाटतील. त्याच्याशी या एका गोष्टीवर भांड. आणि हो, जे घर रोज डबा उशिरा देतं, ते गिऱ्हाईक सोडून द्यायलाही डबेवाले कचरत नाहीत, कारण एका घरासाठी लोकल थांबत नाही आणि ती चुकली की बाकीचे सगळे उपाशी राहतात. क्लायंटच्या ‘एवढं छोटंसं तेवढं घालून द्या’ ला नाही कधी म्हणायचं, याचा विचार करताना हे आठव.

आणि काम लटकलं म्हणून नोव्हेंबरात वरून चार माणसं पाठवायला निघाले तर पटकन हुरळू नकोस. आयबीएममध्ये प्रचंड सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय, की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर वाढतो. नव्यांना शिकवायला तुझे जाणतेच बसतात ना.

सोमवारच्या मीटिंगचं एवढं कर: आधी बंगळूरूच्या तिघांना बोलू दे, मग पुण्यातल्या सगळ्यात नव्याला, आणि तू सगळ्यात शेवटी. ज्येष्ठाने आधी मत दिलं की खालचे त्याच मताचे होतात, हे मी माझ्या बँकेच्या नोकरीत प्रत्येक शाखेत पाहिलंय. पहिले दोन सोमवार कुणीच फारसं बोलणार नाही. शांतता पडली तरी तू ती भरून काढू नकोस.

रविवारी फोन कर, पण सातनंतर. आधी भजनी मंडळ असतं.

तुझी,
मावशी