जुन्या मालमोटारीची वायरिंग
(मोठ्या गटासाठी पाठ)

मुलांनो, मागच्या अंकात आपण घट, दिवा आणि तार जोडून विद्युत परिपथ कसा पूर्ण होतो ते पाहिले. त्यावर वर्गात प्रश्न आला की एवढ्यावरून खऱ्या गाडीचे काय कळणार? आजच्या गाडीचे फारसे कळणार नाही. तिच्यात संगणक आहेत आणि तारांचे नुसते जंजाळ आहे. पण नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वीच्या मालमोटारीची सगळी वायरिंग तुम्ही वहीच्या एका पानावर काढू शकाल. म्हणून आज फोर्ड कंपनीच्या मॉडेल एए या ट्रकची वायरिंग पाहू.

दीड टन माल वाहणारा हा ट्रक मॉडेल टीटीच्या जागी आला. १९२८ ते १९३१ या सालांचे असे ट्रक अमेरिकेत आजही हौशी लोकांकडे आहेत. इंजिन चार सिलिंडरचे, ४० अश्वशक्तीचे, म्हणजे मॉडेल ए मोटारीचेच. वीज ६ व्होल्टची. बॅटरी, डायनॅमो, सेल्फ (म्हणजे स्टार्टर), इग्निशनची कॉइल, दिवे, हॉर्न आणि डॅशवरचा अॅमीटर, झाला संसार! स्पार्क प्लगना तर तारासुद्धा नाहीत. वीज डिस्ट्रिब्यूटरपासून प्लगपर्यंत धातूच्या चार पट्ट्यांमधून जाते.

आता मुद्द्याकडे वळू. असा ट्रक हाती आला की पुष्कळ जण पहिल्या दिवशी पक्कड घेऊन जुन्या तारा कापतात आणि कचऱ्यात टाकतात. कारण विचाराल तर म्हणतात, ‘त्या कुजल्या आहेत.’ कुजल्या आहेत हे खरे. त्या काळच्या तारेवर आत रबर आणि बाहेर सुताची वीण असे. रबर कडक होऊन तडकते, सूत उंदीर नेतात. अशा तारेतून वीज सोडणे धोक्याचे आहे, आणि ती बदललीच पाहिजे याबद्दल माझे दुमत नाही. पण बदलणे निराळे आणि न वाचता फेकणे निराळे. जुना तारांचा जुडगा हा त्या ट्रकचा दस्तऐवज आहे. कोणती तार कुठून निघाली, कोणत्या छिद्रातून गेली, कुठे वळली, तिची लांबी किती, हे सगळे त्यात लिहिलेले असते. छापील नकाशा मिळतो, पण तार चौकटीच्या आतून नेली होती की बाहेरून, हे नकाशा सांगत नाही.

एक उदाहरण घ्या. अॅमीटरला दोन तारा येतात. एक पिवळी आणि दुसरीही पिवळीच, पण तिच्या विणीत काळा धागा. आज दोन्ही मातकट दिसतात. पण पट्टीखाली किंवा जोडपेटीत, जिथे ऊन आणि तेल पोचले नाही, तिथे बोटभर जागेत मूळ रंग शाबूत सापडतो. म्हणून तार सोडवण्यापूर्वी तिथे पाहायचे आणि चिठ्ठी बांधायची. या दोन तारांची अदलाबदल झाली तर काही जळत नाही, ट्रक चालतो. फक्त अॅमीटर उलटे बोलू लागतो. बॅटरी भरत असताना काटा ‘खर्च’ दाखवतो आणि रिकामी होत असताना ‘जमा’! खोटी जमाखर्चाची वही किती दिवस चालेल?

काम सुरू करताना बॅटरी सोडवायची. इथे एक गंमत आहे. आजच्या गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. या ट्रकमध्ये धन टोक सांगाड्याला आहे. गॅरेजमधले लोक याला ‘अर्थ’ म्हणतात, आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘भूसंपर्कन’ असा भारदस्त शब्द आहे. तेव्हा या ट्रकची आधी धनाची पट्टी सोडवायची, मग ऋणाची. का? ऋणाचा नट आधी सोडवू गेलो आणि पाना लोखंडाला लागला, तर बॅटरीची दोन्ही टोके पान्यातून जोडली जातील आणि ठिणग्या उडतील. सांगाड्याची पट्टी आधी निघाली की पाना कुठेही लागो, परिपथ पूर्णच होत नाही.

आता वर्गात हमखास निघणारा प्रश्न: ६ व्होल्टच्या जागी १२ व्होल्टची बॅटरी का बसवू नये? दिवे मिणमिणतात अशी तक्रार असते. हिशेब करून पाहू. ३६ वॅटचा भार ६ व्होल्टवर ६ अँपिअर प्रवाह घेतो. तारा आणि जोड मिळून ०.०५ ओहम रोध असेल, तर ६ गुणिले ०.०५, म्हणजे ०.३ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. सहातले ०.३ म्हणजे शेकडा ५. दिव्याचा प्रकाश मात्र तेवढ्यावर थांबत नाही, तो सुमारे सहाव्या हिश्शाने घटतो. आता तोच ३६ वॅटचा भार १२ व्होल्टवर ठेवा. प्रवाह ३ अँपिअर, खर्च ०.१५ व्होल्ट, म्हणजे शेकडा सव्वा. त्याच तारेत तोटा चौपट कमी. म्हणजे दोष ६ व्होल्टचा नाही. ६ व्होल्टला तार जाड आणि जोड स्वच्छ लागतो, एवढाच याचा अर्थ. बाजारातली १२ व्होल्टच्या गाडीची बॅटरीची केबल आणून लावली की सेल्फ रडतखडत फिरतो आणि दोष बिचाऱ्या फोर्डसाहेबांना लागतो. सेल्फ शंभर अँपिअरहून कितीतरी जास्त प्रवाह ओढतो. त्याला मनगटी केबलच हवी.

दुसरा शत्रू म्हणजे नवा रंग. या ट्रकमध्ये प्रवाहाची परतीची वाट सांगाड्याच्या लोखंडातून आहे. हौसेने सांगाडा चकचकीत रंगवला की रंग आडवा येतो, कारण रंग विजेचा दुर्वाहक. दिव्याच्या बोल्टखाली नाण्याएवढी जागा खरवडून लोखंड उघडे करावे, बोल्ट घट्ट आवळावा आणि मगच वरून रंग द्यावा.

नव्या तारा कोणत्या घ्याव्यात? आत प्लास्टिक आणि बाहेर पूर्वीच्याच रंगांची सुती वीण, अशी तार विकत मिळते. ती घ्यावी. ‘कोण आत डोकावून पाहणार?’ असे म्हणून सगळीकडे एकाच रंगाची तार लावणाऱ्यांचा मला राग येतो. वीस वर्षांनी रात्री रस्त्यात दिवा गेला, तर डोकावून पाहणारा कोणीतरी असतोच, आणि त्याच्या हातात रंगांचा नकाशा असतो. टोकांना डाग देताना राळेचा फ्लक्स वापरावा, आम्लाचा नको. आम्ल मागे राहते आणि तांबे खाते.

एका ठिकाणी मात्र मी मूळ सोडतो. कारखान्यातून हा ट्रक बाहेर पडला तेव्हा त्यात एकही फ्यूज नव्हता. कुठे तार घासून शॉर्ट झाली की बॅटरीची ताकद तिथे ओतली जायची. गोठ्यात वाळल्या गवताशेजारी उभ्या असलेल्या ट्रकचे काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे सेल्फपासून निघणाऱ्या मुख्य तारेत एक फ्यूज बसवावा. पुष्कळ जण तो बसवतात. जुनेपणाचे कडक सोवळे पाळणारे नाक मुरडतात, मुरडू द्यावे. तो न दिसेल अशा जागी बसतो आणि उद्या कोणाला काढावासा वाटला तर एकही छिद्र न पाडता निघतो.

सगळे जोडून झाले की बॅटरी एकदम लावू नये. बॅटरी आणि वायरिंग यांच्यामध्ये ६ व्होल्टचा दिवा जोडावा. सर्व बटणे बंद असताना दिवा विझलेला राहिला पाहिजे. तो पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण आग लागत नाही, कारण प्रवाहाला दिव्यातूनच जावे लागते. मग एकेक तार सोडवत जावे. जी सोडवल्यावर दिवा विझेल तिच्यात दोष. ही युक्ती घरच्या खेळण्यांनाही चालते. शेवटी इंजिन सुरू करण्यापूर्वी डायनॅमोच्या कटआउटची दोन टोके तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडून घ्यावीत. त्याने डायनॅमोच्या लोखंडात योग्य दिशेचे चुंबकत्व येते. हे विसरले तर बॅटरी उलटी भरण्याचा प्रसंग येतो.

गृहपाठ:
१. बॅटरी, अॅमीटर, दिव्याचे बटण आणि दोन दिवे यांचा परिपथ काढा. परतीची वाट सांगाड्यातून दाखवा.
२. रोध ०.०५ ऐवजी ०.०२ ओहम असेल तर ६ व्होल्टवर शेकडा किती तोटा होईल?
३. भूसंपर्कन, दुर्वाहक, रोध, जमाखर्च हे शब्द वाक्यात वापरा. ‘शॉर्ट होणे’ याला तुमच्या घरी कोणता मराठी शब्द वापरतात ते आजी-आजोबांना विचारून या.